‘गाडी जुनी झालीय’ हे ऐकून घेऊ नकोस

अगं, गाडी विकायचा विचार तूर्त बाजूला ठेव आणि जरा माझं ऐक. क्लच जड लागतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, चेन कव्हर खडखडतं, मागचा ब्रेक कुरकुरतो, थांबलं की हेडलाइट मंदावतो. तुझी सगळी यादी एवढीच आहे, आणि त्यात इंजिनाची तक्रार एकही नाही. तरी गॅरेजवाला म्हणतो, “ताई, गाडी जुनी झालीय.” हे काय निदान झालं? कुठल्याही दुखण्यावर खपणारं उत्तर आहे ते. बाई समोर असली की जरा जास्तच खपतं.

बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर आहे ती. हे मॉडेल १९९४ साली आलं, इंजिन ९७.२ सीसीचं. हिरो आणि होंडा वेगळे होऊनही कितीतरी वर्षं झाली, पण तिचे पार्ट आजही तालुक्याच्या गावात मिळतात. कार्बोरेटरची गाडी, मागे ड्रम ब्रेक, सगळं वायरी आणि सळ्यांवर चालणारं. म्हणजे जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने हलतं. आजकालच्या गाड्यांत तेवढी सोय नाही.

आधी हेडलाइटचं सांगून टाकते, कारण तिथे काही करायचंच नाहीये. या जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनाच्या मॅग्नेटवर चालतो. रेस कमी झाली की उजेड कमी होणारच. त्यासाठी कोणी तुझ्या गळ्यात नवी बॅटरी मारत असेल तर सरळ नको म्हण. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीवर आहेत. हॉर्न घोगरा झाला आणि इंडिकेटर आळसावले, तर बॅटरीची टर्मिनल्स उघडून बघ. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर गरम पाण्याने धू, कोरडी कर, बोटभर ग्रीस लाव. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आता क्लच. न्यूट्रल न सापडण्याचं मूळ बहुतेक वेळा गिअरमध्ये नसतंच, क्लच वायरमध्ये असतं. वायर सैल पडली की लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. मग गिअर अडतो, गाडी क्लच दाबलेला असताना पुढे सरकू बघते, आणि आपण पायाने गिअर तुडवत बसतो. लिव्हरच्या टोकाला बोट लावून बघ. वायर ताणायला लागण्याआधी टोक १० ते २० मिलिमीटर मोकळं फिरलं पाहिजे. जास्त फिरत असेल तर वायर जिथे इंजिनाजवळ येते तिथल्या दोन नटांवर ती आवळायची: एक सैल करायचा, दुसऱ्याने ओढायची, पुन्हा पहिला घट्ट. पण हौसेने फार ताणू नकोस. मोकळी जागाच उरली नाही तर क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो, चढाला रेस वाढते पण गाडी वाढत नाही, आणि प्लेटा जळतात. तो खर्च मोठा आहे.

जड लागण्याचं कारण वेगळं. चिपळूणचा पाऊस वायरीच्या आत शिरतो आणि तिथे गंजतो. वायर लिव्हरपासून सोडव, तिच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून रबरबँडने घट्ट बांध, त्यात चमचाभर ऑइल ओत आणि रात्रभर तशीच उभी टांगून ठेव. सकाळी खालच्या टोकाला काळं पाणी आलेलं दिसेल. मात्र लिव्हरजवळच्या टोकाला एखादी जरी तार तुटलेली दिसली, तर तेलपाणी करत बसू नकोस, नवीन वायर टाक. आणि जमलं तर आणखी एक वायर जुन्या वायरीलाच बांधून ठेव. कुंभार्ली घाटात वायर तुटली तर तिथे दुकान नाहीये.

चेनबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. स्प्लेंडरची चेन पूर्ण कव्हरच्या आत असते. साडी-ओढणी अडकत नाही, चिखल कमी लागतो, हे चांगलंच. पण डोळ्याआड असल्यामुळे तिच्याकडे कोणी बघतच नाही, आणि सैल पडली की ती कव्हरलाच आतून आपटते. तुझी खडखड तीच असण्याची शक्यता जास्त. कव्हरला एक काळं रबरी झाकण असतं, ते काढ आणि बोटाने चेन वर-खाली करून बघ. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलायला हवी. एकाच जागी बघून थांबू नकोस. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, आणि चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघ. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथला ताण धरायचा, नाहीतर सैल जागेच्या मापाने आवळशील आणि ताठ जागी बेअरिंगला फास बसेल. आणि एक, चाक फिरवताना इंजिन चालू ठेवायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. त्यात लोकांची बोटं गेलेली आहेत.

आवळताना मागच्या चाकाचा नट सैल करायचा, मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे. दोन्हीकडे खुणा असतात, त्या जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका अंगाला ओढते. आता यातली खरी मेख ऐक, गॅरेजमधली पोरंसुद्धा ही विसरतात. चेन आवळली म्हणजे चाक मागे गेलं. चाक मागे गेलं म्हणजे मागच्या ब्रेकची सळई ताणली गेली. म्हणजे ब्रेक आपोआप घट्ट झाला. तशीच गाडी पळवलीस तर ब्रेक घासत राहील, ड्रम तापेल, ॲव्हरेज उतरेल, आणि तू म्हणशील चेन केल्यापासून गाडी ओढतच नाही. म्हणून चेननंतर लगेच ब्रेकचा नट बघायचा: पेडल दोन-तीन सेंटिमीटर मोकळं खाली जाऊन मग ब्रेक लागला पाहिजे. त्यानंतर ब्रेक लाइट वेळेवर लागतो ना, हे कोणाला तरी मागे उभं करून बघ. त्याचा स्विच स्प्रिंगने पेडललाच जोडलेला असतो, तोही नटावर वर-खाली होतो.

चेनला इंजिनातलं काळं जळकं ऑइल घालू नकोस, कोणी फुकट दिलं तरी. त्यात कचरा असतो. ९० नंबरचं गिअर ऑइल आण, थोडंसंच घाल, जास्तीचं चिंधीने पुसून टाक. चेन लॉकची क्लिप बघशील तेव्हा तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला आहे ना, तेवढं तपास. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी घासून निसटू शकते.

ब्रेकची कुरकुर पावसाळ्यात बहुधा ड्रममध्ये साचलेल्या धुळीची असते. ड्रमच्या प्लेटवर झिजेची खूण असते आणि ब्रेकच्या दांडीपाशी बाण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोचला असेल तर ब्रेक शू संपले, बदलायचे. नसेल पोचला तर चाक काढून साफसफाई पुरते. ती धूळ तोंडाने फुंकायची नाही हं, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसायची.

बाकीचे आवाज शोधणं सोपं आहे. गाडी स्टँडवर चालू ठेव आणि एकेक वस्तूवर हात दाबत जा: नंबर प्लेट, साइड पॅनल, लेग गार्ड. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबला, तो चोर. सायलेन्सरला मात्र हात लावू नकोस, आणि हलत्या भागांच्या जवळपासही नेऊ नकोस. साइड पॅनलचं रबर हरवलं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा छान बसतो.

प्लग काढलास तर इंजिन गार असतानाच काढ. टोक मारी बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं काजळ असेल तर आधी एअर फिल्टर बघ. तेलकट ओला असेल तर ते घरचं काम नाही. परत बसवताना सुरुवातीचे सगळे आटे हाताने फिरव, मगच पाना. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिथले आटे गेले तर पन्नास रुपयांचं काम हजारांत जातं.

आणि पेट्रोलचं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहील. कॉक बंद कर आणि कार्बोरेटरच्या खालच्या स्क्रूने आतलं पेट्रोल बाटलीत काढून घे. चालता चालता गाडी बंद पडली, आणि टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज होऊन पुन्हा चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. त्यासाठी कार्बोरेटर खोलू देऊ नकोस कोणाला.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १४, १७, १९ चे पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर. चांगल्या स्टीलचे घे, हलके पाने नटाची टोकं गोल करतात. एका वेळी एकच गोष्ट कर. नट फिरवण्याआधी त्याच्या जागी पेनाने खूण कर किंवा मोबाइलवर फोटो काढ. तीन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

गॅरेजला जायची वेळ येईलच. तिथे “सर्व्हिसिंग करून द्या” म्हणू नकोस. काय होतं, कधी होतं, गार असताना की तापल्यावर, ते सांग. बदललेला पार्ट परत माग, घरी आणून भंगारात टाकायचा असला तरी. मागितल्याने बिल बदलतं, बघशील.

शेवटचं. बोलता बोलता तू म्हणालीस ना, पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये कट् वाजतं? ते या यादीत नाही. गाडी स्टँडवरून काढ, पुढचा ब्रेक धरून ठेव आणि गाडी पुढे-मागे हलव. हँडलच्या मुळाशी झटका लागला तर हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो कोनसेट सैल झालाय किंवा गेलाय. त्याला घरी हात लावू नकोस, आणि तो दाखवल्याशिवाय हायवेला गाडी काढू नकोस. या आठवड्यातच करून घे, आणि मला फोन कर.