*पऱ्हाटी पेटवू नका : साखर, ज्वारी अन् कापसाचं रसायन*



शेवटची वेचणी झाली की आपल्या वलगाव शिवारात पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात. त्या जाळात काय जातं, ते आज समजून घेऊ.

*१) सुरुवात ग्लुकोजपासून*
पान हवेतला कार्बन डायऑक्साइड अन् मुळातून आलेलं पाणी घेऊन उन्हात ग्लुकोज बनवते. सूत्र : सी६ एच१२ ओ६. म्हणजे ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन.
ग्लुकोज अन् फ्रुक्टोज जोडले की पाण्याचा एक रेणू निघून जातो, साखर तयार होते : सी१२ एच२२ ओ११.
हजारो ग्लुकोजची साखळी झाली की दर जोडाला एक पाणी जाते. उरते (सी६ एच१० ओ५) ची लांब माळ.

*२) सूत्र एक, वस्तू दोन*
ज्वारीतलं स्टार्च अन् रुईतलं सेल्युलोज, दोघांचं सूत्र हेच! फरक फक्त जोडाचा. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूने, सेल्युलोजमध्ये एक सुलटा, एक उलटा. म्हणून भाकर आपल्याला पचते, रुई पचत नाही. बैलाला कुटार पचते ते पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे. कंपोस्टमध्येही असेच सूक्ष्मजीव काम करतात.

*३) हिशोब*
१०० किलो सेल्युलोजमध्ये सुमारे ४४ किलो कार्बन असतो. पेटवलं की तो धूर होऊन गेला, सोबत नायट्रोजनही. कुजवलं तर त्यातला काही भाग सेंद्रिय कर्ब म्हणून वावरात राहतो.

*४) काय करायचं*
✅ किडकी, न फुटलेली बोंडं आधी तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यातच लपते. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका.
✅ श्रेडरने बारीक तुकडे करा. पऱ्हाटीत लिग्निन असते, अख्खी काडी लवकर कुजत नाही.
✅ उसाच्या पाचटाला वापरतात तेच प्रमाण धरा. १ टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कंपोस्ट कल्चर, वरून शेणकाला.
✅ ओल टिकवा, महिन्याला ढीग पलटवा.

युरिया कशाला? सूक्ष्मजीवांना कार्बनसोबत नायट्रोजन लागतो अन् पऱ्हाटीत तो कमी. कच्ची काडी मातीत गाडली तर ते जमिनीतला नायट्रोजन ओढतात, पुढचं पीक पिवळं पडते. म्हणून कुजल्याशिवाय वावरात टाकू नका.

शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. ढिगाचा फोटोही पाठवा.