मिस्सातील वाचनांचे मनन : नामान आणि दहा कुष्ठरोगी



रविवारच्या मिस्साहून घरी परतल्यावर 'आज पहिले वाचन कोणते होते?' असे कुणी विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? शुभवर्तमानातील प्रसंग बहुधा आठवतो, कारण धर्मगुरूंनी त्यावर प्रवचन केलेले असते. पहिले वाचन मात्र आपण स्थिरस्थावर होईपर्यंत संपून जाते आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी मन भलतीकडे गेलेले असते. वास्तविक ही वाचने ख्रिस्तसभेने मोठ्या विचाराने शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. त्यांचा परस्परसंबंध शोधण्याचे काम मात्र आपल्यावर, ऐकणाऱ्यांवर, सोपविलेले आहे. प्रस्तुत लेखात एका रविवारची वाचने घेऊन हे काम कसे करता येईल, ते पाहू या.

वाचनांची मांडणी

१५७० सालच्या रोमन मिस्साग्रंथानुसार दरवर्षी तीच ती वाचने लॅटिन भाषेत होत असत. रविवारी साधारणपणे एक पत्र आणि एक शुभवर्तमान एवढेच वाचले जाई. जुन्या कराराचा आवाज रविवारी क्वचितच कानी पडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि पवित्र शास्त्राचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक सढळपणे उघडावे, असे सांगितले. त्यानुसार १९६९ साली नवा वाचनक्रम तयार झाला.

या क्रमात रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात. 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क आणि 'क' वर्षी लूक यांचे शुभवर्तमान मुख्यत्वे वाचले जाते. योहानाचे शुभवर्तमान विशेषेकरून उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात येते. ज्या सालाला तीनने निःशेष भाग जातो, ते 'क' वर्ष, हे लक्षात ठेवायला सोपे आहे. मात्र उपासनेचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, हे विसरू नये.

सामान्य काळातील रविवारी पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळणारे असे निवडलेले असते, तर दुसरे वाचन एखाद्या पत्रातून क्रमाने पुढे चालत राहते. सामान्य काळातील इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. पहिले वाचन मात्र विषम साली एक आणि सम साली दुसरे असते. एवढी माहिती हाती असली म्हणजे मननाची वाट पुष्कळ सोपी होते.

एका रविवारची वाचने

'क' वर्षातील सामान्य काळाचा अठ्ठाविसावा रविवार ऑक्टोबरच्या ९ ते १५ तारखांच्या दरम्यान येतो. त्या दिवशीची वाचने अशी : राजांचे दुसरे पुस्तक ५:१४-१७, स्तोत्र ९८, तीमथ्याला दुसरे पत्र २:८-१३, लूक १७:११-१९.

पहिल्या वाचनात अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि कुष्ठरोगातून शुद्ध होतो. तो अलीशा संदेष्ट्याकडे परत येतो, इस्राएलाच्या परमेश्वराला शरण जातो, भेटवस्तू देऊ पाहतो. अलीशा काहीही स्वीकारत नाही. तेव्हा नामान दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेतो, कारण यापुढे तो अन्य दैवतांना बली अर्पण करणार नाही. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी दुरूनच प्रभू येशूची करुणा भाकतात. याजकांकडे जात असताना दहाही जण शुद्ध होतात. परत मात्र एकच येतो, आणि तो शोमरोनी असतो.

दोन्ही वाचने शेजारी ठेवून पाहा. दोन्हींमध्ये परका मनुष्य बरा होतो. दोन्हींमध्ये तो परत येतो. दोन्हींमध्ये परत येण्यानेच त्याचा देवाशी खरा संबंध जुळतो. मधले प्रतिसाद स्तोत्रही तेच गाते : देवाने आपले तारण सर्व राष्ट्रांपुढे प्रकट केले आहे. दुसरे वाचन या विषयासाठी निवडलेले नाही, म्हणून त्याचा ओढूनताणून संबंध लावू नये. तरीही बेड्यांत जखडलेला पौल देवाचे वचन मात्र जखडले गेलेले नाही अशी साक्ष देतो, तेव्हा सीमा ओलांडून जाणाऱ्या कृपेचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जे रविवारी ऐकू येत नाही

आता एक गोष्ट बारकाईने पाहू. रविवारचे वाचन चौदाव्या ओवीपासून सुरू होते. नामान नदीपर्यंत पोहोचला कसा, हे पहिल्या तेरा ओव्यांमध्ये आहे आणि ते त्या दिवशी वाचले जात नाही. पवित्र शास्त्र उघडून अध्याय आरंभापासून वाचला, तर तेथे एक लहान मुलगी भेटते. अरामी टोळ्यांनी तिला इस्राएलातून पकडून नेले आहे आणि ती नामानाच्या पत्नीची दासी झाली आहे. तिचे नावही दिलेले नाही. ज्याच्या घरात ती गुलाम आहे, त्याच्या दुखण्याबद्दल तिला कळवळा वाटतो आणि शोमरोनातील संदेष्ट्याचे नाव ती सुचविते. पुढे राजे पत्रे लिहितात, वस्त्रे फाडतात. अलीशाने साध्या आंघोळीची आज्ञा केल्यामुळे नामान रागावतो, दिमिष्कातील नद्यांची थोरवी सांगतो. शेवटी त्याचे चाकर त्याची समजूत घालतात. सत्ताधीश गोंधळलेले असताना दासी आणि चाकर या दोघांच्या शब्दांनी देवाचे कार्य पुढे सरकते.

मूळ हिब्रू भाषेत आणखी एक खूण आहे. दुसऱ्या ओवीत दासीचे वर्णन 'लहान मुलगी' असे आहे. चौदाव्या ओवीत नामानाचे शरीर 'लहान मुलासारखे' झाले, असे सांगताना त्याच शब्दांचे पुल्लिंगी रूप योजले आहे. ज्या बालिकेचे त्याने ऐकले, तिच्यासारखाच तो थोर सेनापती झाला. पहिल्या ओव्या न वाचणाऱ्याला ही खूण गवसणार नाही.

ही मुलगी वाचनक्रमातून वगळली गेली आहे काय? तसे नाही. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी हाच अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला जातो. त्या दिवशीचे शुभवर्तमान लूक ४:२४-३० हे आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू सिदोनातील विधवेची आणि याच नामानाची आठवण करून देतो आणि देवाची कृपा परक्यांपर्यंत गेली होती असे दाखवितो. ते ऐकून लोक इतके संतापतात की, त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघतात. ती माणसे नास्तिक नव्हती, हे ध्यानात घ्या. ती नियमाने सभास्थानात येऊन शास्त्रवाचन ऐकणारी माणसे होती. वचन आपल्या मर्यादा ओलांडून दुसऱ्याकडे जाते, हे मात्र त्यांना सोसवले नाही.

दहा कुष्ठरोग्यांचे शुभवर्तमानही रविवारपुरते मर्यादित नाही. सामान्य काळाच्या बत्तिसाव्या आठवड्यात बुधवारी ते दरवर्षी वाचले जाते. सम साली त्याच्या शेजारी तीताला लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय असतो. आपण आपल्या सत्कृत्यांनी नव्हे, तर देवाच्या दयेने, नव्या जन्माच्या स्नानाने तारले गेलो, असे तेथे पौल सांगतो. नामानाचे यार्देनमधील स्नान आणि आपला बाप्तिस्मा यांच्यामधला दुवा असा एका साध्या बुधवारी हाती येतो. रविवार आणि आठवड्याचे दिवस एकमेकांना अशी साथ देत असतात.

परत येणे म्हणजे काय?

लूकने त्या शोमरोन्याच्या उपकारस्तुतीसाठी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याच धातूपासून 'युखारिस्त' हा शब्द आला आहे. म्हणजे परत फिरून प्रभूच्या पायांशी उपकार मानणारा तो मनुष्य जे करतो, तेच आपण प्रत्येक मिस्सात करण्यासाठी जमतो. उरलेल्या नऊ जणांनी आज्ञा मोडली नव्हती. ते सांगितल्याप्रमाणे याजकांकडे निघाले होते आणि बरेही झाले होते. त्यांनी नियम पाळला. देणाऱ्याकडे वळून मात्र पाहिले नाही. आपणही मिस्सा चुकवीत नाही. परंतु ऐकलेल्या वचनाकडे सोमवारी वळून पाहिले नाही, तर आपली गणना त्या नऊ जणांत होईल, ही भीती उगीच नाही.

मननाची पद्धत

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी शिडीची चार पावले सांगितली. कौटुंबिक जीवनात ती पुढीलप्रमाणे उतरविता येतील.

१. शनिवारी सायंकाळी उद्याची वाचने घरी मराठीतून मोठ्याने वाचावीत. बंगळूर, दिल्ली किंवा अन्य शहरांत राहणाऱ्यांना रविवारी ती इंग्रजीत किंवा हिंदीत ऐकावी लागतात. मायबोलीत आधी वाचलेले वचन परक्या भाषेतही ओळखीचे वाटते.

२. वाचनाच्या आधीच्या आणि नंतरच्या ओव्याही वाचाव्यात. ज्यांचा आवाज ऐकू आला नाही, असे कुणी तेथे आहे काय, हे पाहावे.

३. पहिले वाचन आणि शुभवर्तमान यांना जोडणारा एक शब्द किंवा एक कृती शोधावी.

४. त्या वचनाला साजेसे एक काम आठवड्यात करावे. आभार मानायचे राहून गेलेली एखादी व्यक्ती प्रत्येकाला आठवेल.

मननासाठी प्रश्न

माझ्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी ज्याचे बोलणे मी लहान समजून कानाआड करतो, असा कोण आहे? देवाची कृपा कुणावर झालेली पाहून मला राग येतो? आपल्या धर्मग्रामात आजही दूर उभे राहून हाक मारणारे कोण आहेत?

प्रभो, तुझे वचन ऐकून आम्ही आपापल्या वाटेने निघून जातो. आम्हाला अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याची बुद्धी दे, आणि ज्या लहानांच्या मुखातून तू बोलतोस, त्यांचे ऐकण्याइतके आम्हालाही लहान कर. आमेन.