धरण भरलेलं बरं की रिकामं?

प्रश्न : तापीवरचं उकाई धरण पूर अडवण्यासाठी बांधलं म्हणतात. मग 2006 साली सुरत धरणातूनच सोडलेल्या पाण्यानं कसं बुडालं? आणि हे धरण फुटण्याची भीती कितपत खरी? – एक वाचक, नवापूर

उत्तर : उकाई फक्त पुरासाठी बांधलेलं नाही, आणि अडचण तिथेच आहे. 1972 साली पूर्ण झालेल्या या धरणाला सिंचन आणि वीज हीही कामं आहेत. त्यांना जलाशय काठोकाठ हवा. पूर सामावायचा तर तो रिता हवा. म्हणून धरणाची पूर्ण पातळी 345 फूट असली, तरी ती पावसाळ्याच्या अखेरीलाच गाठायची असते. तोवर तारखेगणिक ठरलेल्या मर्यादेत राहायचं. तिला रूल लेव्हल म्हणतात. ऑगस्टच्या आरंभी ती 333 फूट असते. वरचे 12 फूट येणाऱ्या लोंढ्यासाठी मुद्दाम मोकळे.

तो लोंढा बहुतांशी आपल्याकडूनच जातो. तापीचं पाणलोट क्षेत्र सुमारे 65 हजार चौरस किलोमीटर, आणि त्याचा मोठा वाटा महाराष्ट्रात. पूर्णा, गिरणा, पांझरा या सगळ्यांचं पाणी शेवटी उकाईत उतरतं. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की ते पाणीही तिकडेच. ऑगस्ट 2006 मध्ये या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला आणि उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत विसर्ग करावा लागला. खाली सुमारे 100 किलोमीटरवर सुरत, समुद्र जवळ, भरतीला नदी तुंबणारी, काठावर दाट वस्ती. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

धरण नसतं तर सुरत वाचलं असतं का? नाही. 1968 मध्ये, धरण पूर्ण होण्याआधीही ते बुडालं होतं. 2006 मध्येही जलाशयात येणारं पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त होतं, म्हणजे पुराचा काही भार धरणानं झेललाच. पण आधीपासून थोडं थोडं पाणी सोडलं असतं तर शेवटी एवढा विसर्ग करावा लागला नसता, ही टीका तेव्हा झाली आणि ती मला पटते. पाऊस ओढ देईल, कालवे कोरडे पडतील, ही भीती खोटी नाही. तरीही लाखो माणसं खाली राहत असताना एका हंगामाच्या पाण्यासाठी मोकळी जागा भरून टाकणं चूकच.

आता फुटण्याबद्दल. जवळपास पाच किलोमीटर लांबीच्या या धरणाचा मोठा भाग मातीचा आहे. दगडी सांडव्यावरून पाणी गेलेलं चालतं, मातीच्या भरावावरून गेलं तर भराव वाहून जातो. मोरबीजवळचं मच्छू धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी असंच गेलं; आलेल्या पुराला सांडवा अपुरा पडला. म्हणून उकाईची पातळी हाताबाहेर जाऊ लागली की खाली पूर येणार हे दिसत असूनही 22 दरवाजे उघडावेच लागतात. भराव गेला तर सात अब्ज घनमीटरहून मोठा जलाशय सुरतेवर येईल. दरवाजे चालू स्थितीत असतील, पातळी वेळेवर राखली जात असेल, तर अशी वेळ येण्याचं कारण नाही. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोन्ही तपासण्या बंधनकारक केल्या आहेत.

ऑगस्टमध्ये ‘उकाई इतके टक्के भरलं’ अशी बातमी आली तर आनंदण्याआधी त्या दिवसाची रूल लेव्हल किती, हे जरूर पाहा. पाणी तिच्या वर असेल तर प्रशासनाला जाब विचारा.