हृदय बदलण्याआधी: कोणाचे नाव यादीत लागते?

सदरमधल्या आमच्या वस्तीतले एक निवृत्त गृहस्थ परवा इकोचा कागद घेऊन घरी आले. 'ईएफ २० टक्के' या आकड्याभोवती मुलाने लाल पेनने गोल केला होता. मुलगा म्हणाला, "काकाजी, घर विकतो, पण बाबांचं हार्ट बदलून टाकू."

घर विकायची बोलणी त्याला आधी थांबवायला लावली. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आपल्यातले किती रक्त बाहेर ढकलतो त्याचे प्रमाण. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० असते. वीस हा आकडा वाईटच. पण नुसत्या या आकड्यावर प्रत्यारोपण ठरत नाही. हृदय कमजोर झाल्यावर आजकाल चार गटांची औषधे एकत्र देतात. ती पुऱ्या मात्रेत निदान तीन महिने घेऊन पुन्हा इको करतात आणि बऱ्याच रुग्णांचे हृदय तेवढ्यानेच सावरते. कोणाची रक्तवाहिनी बंद असते, कोणाची झडप खराब असते, कोणाला विशेष पेसमेकर लागतो. हे सगळे करूनही चार पावलांत दम लागत असेल, वारंवार दवाखान्यात भरती व्हावे लागत असेल, तेव्हा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

आता इथे एक विचित्र गोष्ट आहे. हृदय पार थकलेले हवे, पण बाकीचे शरीर धड हवे. त्यामुळे फार लवकर गेलात तर "अजून गरज नाही" म्हणतात आणि फार उशिरा गेलात तर "आता झेपणार नाही" म्हणतात. आपल्या लोकांचे नुकसान बहुतेक दुसऱ्या प्रकारानेच होते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून करतात. तिने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब आणि अडथळा मोजतात. जुन्या आजारात हा अडथळा वाढत जातो. दात्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूला त्याची सवय नसते, म्हणून नवे हृदय पहिल्याच दिवसांत हार मानू शकते. औषधांनी तो उतरतो का, हे तिथेच पाहतात. शिवाय मूत्रपिंड, यकृत, साखर, वजन, लपलेला कर्करोग, जुना क्षय हे सारे तपासतात. दातसुद्धा! कारण पुढे आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यायची असतात आणि किडलेल्या दाढेतला संसर्गही तेव्हा जिवावर बेतू शकतो.

आणि खर्रा. "मी सिगारेट ओढत नाही" असे सांगून चालत नाही. खर्ऱ्यात तंबाखू आहे आणि लघवीच्या तपासणीत ती सापडते. साधारण सहा महिने तंबाखू व दारू पूर्ण बंद हवी. आमचे गृहस्थ इथे गप्प झाले.

विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. ज्यांना पुन्हापुन्हा रक्त चढवले आहे त्यांच्या, तसेच अनेक बाळंतपणे झालेल्या बायकांच्या रक्तात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. मग जुळणारे हृदय मिळणे कठीण जाते. म्हणून कधी रक्त चढवले होते ते लपवू नका, विसरू नका.

डॉक्टर घरच्यांचीही चौकशी करतात. औषध वेळेवर देणारे कोण, तपासणीला नेणारे कोण? याचा राग मानू नये. एकट्या माणसाला हे सांभाळणे खरोखर अवघड आहे.

हृदय विकत मिळत नाही. १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबाने संमती दिली तरच हृदय मिळते. नाव रुग्णाने स्वतः नोंदवायचे नसते. परवाना असलेले रुग्णालय ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदवते. विदर्भासाठी हे केंद्र नागपुरातच आहे. २०२३ पासून दुसऱ्या राज्यात नोंदणी करायला तिथले रहिवासी असण्याची अट उरलेली नाही. पण काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, म्हणून फोन येताच पोहोचता येईल अशा ठिकाणीच नोंदणी शहाणपणाची.

"यादीत वशिला चालतो का?" मुलाने विचारलेच. यादीत रक्तगट, शरीराचा आकार, तातडी आणि प्रतीक्षेचा काळ पाहतात. जात किंवा आडनाव नाही. मात्र यादीपर्यंत पोहोचायलाच लाखो रुपये लागतात आणि पुढची औषधे जन्मभराची असतात, हेही तेवढेच खरे. यातली गोष्ट त्याला साखर लावून सांगितली नाही. पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना गाठून सरकारी योजना, मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांची चौकशी करायला सांगितले.

जाताना जुने सगळे इको, अँजिओग्राफीची सीडी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कधी भरती झाले त्या तारखा एका फाईलमध्ये लावायला दिल्या. खर्ऱ्याची पुडी गृहस्थांनी आमच्या टेबलावरच ठेवली. पुढचा इको तीन महिन्यांनी आहे.