डोळ्यांचा नंबर आणि लेन्सचा खर्च : पहिल्यांदा लेन्स घेणाऱ्यांसाठी



विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर कॅम्प ४ च्या वस्त्यांमधून आम्हाला हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : "चष्मा नको, लेन्स लावायची आहे. स्वस्तात कुठे मिळेल?" विचारणारी बहुतेक कॉलेजातली मुले-मुली असतात, नाहीतर नुकतीच नोकरीला लागलेली. प्रश्न वाजवी आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : डोळे नीट तपासून घेतलेत का, आणि नंबराचा कागद तुमच्या हातात आहे का?

लेन्सला पैसे लागतात, तपासणीला लागायलाच हवेत असे नाही. तपासणी मोफत होऊ शकते आणि चांगलीही होऊ शकते. म्हणून या पाठात आम्ही तपासणी आधी घेतली आहे, खर्चाचा हिशेब नंतर, आणि डोळा सांभाळण्याचे नियम शेवटी.

तपासणी कुठे करावी

आपल्याला सगळ्यात जवळचे सरकारी ठिकाण म्हणजे उल्हासनगर-३ मधले मध्यवर्ती रुग्णालय. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासणी व उपचार मोफत आहेत, आणि हे रुग्णालय त्याच विभागाचे आहे. केस पेपरच्या खिडकीवर "डोळ्यांची ओपीडी कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत?" हे आधी विचारून ठेवा, म्हणजे खाडा फुकट जाणार नाही. जुना चष्मा, जुने कागद आणि मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. साखर वर-खाली होत असेल तर डोळ्यांचा नंबरही वर-खाली होतो. अशा वेळी घाईने काढलेल्या नंबराचा चष्मा महिन्याभरात जमेनासा होतो.

मोठी अडचण असेल तर भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय गाठावे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे स्वतंत्र नेत्र विभाग आहेत. नंबर दर सहा महिन्यांनी वाढत असेल, चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नसेल किंवा मूल सारखे डोळे चोळत असेल, तर तिथे दाखवणे बरे. बुबुळ हळूहळू पातळ होऊन पुढे टोकदार होत जाण्याचा एक आजार आहे, त्याला केराटोकोनस म्हणतात. तो साधारणपणे दहावी-बारावीच्या वयात सुरू होतो आणि डोळे चोळल्याने बळावतो. त्यात चष्म्याने भागत नाही. खास कडक लेन्स लागते, आणि ती हौस नसून उपचार असतो.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी-पालिका शाळांत येते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम तर १९७६ सालचा आहे. नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना त्यातून मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. शाळेत "चष्म्याच्या यादीत आमच्या मुलाचे नाव आले का?" एवढे विचारायला संकोचू नका. फळ्यावरचे न दिसणारे मूल "अभ्यासात कच्चे" ठरते आणि मागच्या बाकावर जाते. ते थांबवणे आपल्या हातात आहे.

१४ एप्रिलच्या सुमारास वस्तीत आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर डोळ्यांची शिबिरे लागतात. त्यांचा लाभ जरूर घ्या. पण शिबिरात गर्दी असते, वेळ कमी असतो. तिथे दोष आहे की नाही हे कळते. नंबर मात्र पुन्हा शांतपणे काढून घ्यावा.

कागदावर काय असावे

कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये हनुवटी ठेवल्यावर जी चिठ्ठी निघते तो अंदाज असतो. खरा नंबर त्यानंतर निघतो : समोर अक्षरे, डोळ्यांवर तपासणीची फ्रेम, एकेक काच बदलत "आता बरे की मघाचे बरे?" असे विचारून. हे झाले नसेल तर तपासणी अर्धीच झाली असे समजा. लहान मुलांच्या डोळ्यांत त्याआधी थेंब घालतात, कारण मुले डोळ्यांवर ताण देऊन पाहतात आणि नंबर खोटा येतो.

कागदावर उजव्या डोळ्याला ओडी, डाव्याला ओएस लिहितात. एसपीएच म्हणजे मुख्य नंबर. सीवायएल म्हणजे तिरकस नंबर, आणि ॲक्सिस म्हणजे त्याची दिशा. लेन्स घ्यायची तर आणखी दोन आकडे लागतात : लेन्सचा बाक (बीसी, उदाहरणार्थ ८.६) आणि व्यास (डीआयए, उदाहरणार्थ १४.२). हे दोन आकडे चष्म्याच्या कागदावर नसतात. डोळ्याचे माप घेऊन, लेन्स बसवून पाहूनच ते ठरतात.

चष्म्याचा नंबर तसाच लेन्सला लागू होतो, हाही गैरसमज आहे. चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते. त्यामुळे नंबर ४ च्या पुढे गेला की फरक पडतो. चष्म्याचा उणे ६ असेल तर लेन्सचा साधारण उणे ५.५० येतो. म्हणून चष्म्याचा कागद दाखवून परस्पर डबा विकत घेऊ नये.

तपासणी दुकानात केली तरी नंबराचा कागद मागून घ्या. कागद आपल्याकडे असला की चार दुकानांत भाव विचारता येतो. तो दुकानातच राहिला तर त्यांनी सांगितलेला भाव द्यावा लागतो.

खर्चाचा हिशेब

लेन्सचा डबा स्वस्त वाटतो, पण खर्च डब्यावर संपत नाही. महिन्याची लेन्स उघडल्यापासून ३० दिवस चालते, रोज लावा अगर न लावा. दोन डोळ्यांना वर्षाला २४ लेन्स लागतात. शिवाय धुण्याचे सोल्युशन आणि ठेवायची डबी.

समजण्यासाठी आकडे धरू. एक लेन्स १५० रुपये धरली तर २४ लेन्सचे ३,६०० रुपये. सोल्युशनची बाटली २५० रुपये आणि ती दोन महिने पुरली, तर सहा बाटल्यांचे १,५०० रुपये. एकूण ५,१०० रुपये, म्हणजे महिन्याला ४२५. एक हजाराचा चष्मा दोन वर्षे टिकला तर महिन्याला ४२ रुपये पडतात. दुकानात भाव विचारून या जागी तुमचे आकडे घाला. तिरकस नंबराची लेन्स याहून महाग असते.

हे ४२५ रुपये दर महिन्याला निघणार असतील तरच महिन्याची लेन्स घ्या. पैसे कमी पडले की माणूस ३० दिवसांची लेन्स ६० दिवस लावतो, सोल्युशन पुरवून-पुरवून वापरतो, आणि डोळ्याला इजा तिथूनच सुरू होते. लेन्सवर असा काटकसरीचा प्रयोग करू नये.

लग्नकार्य, गॅदरिंग, खेळाची मॅच एवढ्यापुरतीच लेन्स हवी असेल, तर एका दिवसाची लेन्स परवडते. रात्री काढून टाकून द्यायची, त्यामुळे सोल्युशन लागत नाही. महिन्यातून तीन दिवस लावली तर सहा लेन्स. एक ५० रुपयांची धरली तर ३०० रुपये.

काहीही घेतले तरी चष्मा हवाच. डोळा लाल झाला, लेन्स हरवली, ताप आला, तर त्या दिवशी चष्मा लागतो. चष्मा आणि लेन्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. पक्के बिल घ्या आणि लावलेला कर वाचून पाहा.

दुकानात पहिल्या दिवशी

ट्रायल लेन्स लावून अर्धा तास बसा. टोचत नाही ना, स्पष्ट दिसते ना, हे पाहा. लेन्स स्वतःच्या हाताने लावणे आणि काढणे जमल्याशिवाय दुकानातून निघू नका. "घरी जमेल" म्हणून निघालेल्यांची रात्री लेन्स काढताना फजिती होते. पहिल्या दिवशी तीन-चार तास लावा, मग रोज तास-दोन तास वाढवा. आठवड्याने एकदा पुन्हा दाखवा.

रंगीत लेन्स सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातही मिळतात. नंबर नसला तरी त्या मापाशिवाय घेऊ नयेत. मैत्रिणीची लेन्स तर कधीच लावू नये.

आपल्या घरात लेन्स सांभाळताना

आपल्याकडे नळाला ठरलेल्या वेळी पाणी येते, ते पिंपात साठवतो. हे पाणी लेन्सला अजिबात लागू देऊ नका. नळाच्या आणि साठवलेल्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला की बुबुळात शिरतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि डोळा जाऊही शकतो. पाणी उकळून, मीठ घालून घरी सोल्युशन बनवू नये. लेन्स थुंकीने ओली करू नये.

नियम असे :

१. साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा.

२. काढलेली लेन्स तळहातावर सोल्युशन घेऊन बोटाने हलके चोळा, मग ताज्या सोल्युशनमध्ये ठेवा. डबीतल्या जुन्या सोल्युशनवर नवे ओतू नका.

३. सकाळी डबी रिकामी करून सोल्युशननेच धुवा आणि उपडी ठेवून वाळवा. दर तीन महिन्यांनी डबी बदला.

४. लेन्स लावून झोपू नका. डुलकीही नको. आंघोळ आणि पोहणे लेन्स काढून.

५. काजळ लेन्स लावल्यावर घाला. रात्री आधी लेन्स काढा, मग काजळ पुसा.

६. मिरच्या चिरल्यावर लगेच लेन्सला हात लावू नका. रंग खेळताना चष्माच बरा.

उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत कपड्याची बारीक रुई उडते. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांची वाफ असते. अशा कामावर लेन्सपेक्षा चष्मा आणि त्यावर सेफ्टी गॉगल हेच योग्य.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धुरकट दिसू लागले, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेन्स फेकू नका, डबीसकट सोबत न्या. जंतू कोणता हे त्यावरून शोधता येते. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका, काही थेंबांत स्टिरॉइड असते आणि त्याने जंतुसंसर्ग बळावतो. मध, गुलाबपाणी, आईचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका.

लेन्स कशासाठी?

भरतीसाठी लेन्स घेणाऱ्या मुलांनी आधी जाहिरातीतली डोळ्यांची अट वाचावी. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदाला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, तिथे लेन्स लावून भागत नाही. ही अट आधी कळली तर तयारीची दोन वर्षे दुसऱ्या पदासाठी वापरता येतात.

मुलींच्या बाबतीत कारण वेगळे असते. बघण्याच्या कार्यक्रमाला "चष्मा काढून बस" असे सांगितले जाते, आणि मग घाईने लेन्स आणली जाते. खेळासाठी, कामासाठी, स्वतःच्या आवडीसाठी मुलीने लेन्स जरूर लावावी. पण नंबर लपवण्यासाठी घरच्यांनी ती लादू नये. लपवलेला नंबर लग्नानंतर आठ दिवसांत कळतोच, आणि दोष मुलीच्या माथी येतो. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर जी तसबीर आहे, त्यात बाबासाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. चष्म्याची लाज आपण कोणाकडून शिकलो, याचा विचार व्हावा.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या घरात डोळे कधीच न तपासलेले कोण आहे? चाळिशीनंतर सुई ओवता येत नाही म्हणून शिवण सोडलेली आई त्यात आहे का?

२. नंबराचे कागद घरात कुठे ठेवले आहेत?

३. रविवारच्या वंदनेनंतर पाच-सहा जणांचा गट ठरवून एका दिवशी मध्यवर्ती रुग्णालयात जाता येईल का? एकट्या म्हातारीला तिथली रांग जड जाते, सोबत असली तर ती जाते.

महिला मंडळाने यादी करावी आणि तरुणांनी सोबत जावे, एवढीच आमची विनंती.