किल्ली घरातच होती

गुहागरचं आमचं कौलारू घर आम्ही पर्यटकांना राहायला देतो. मी पुण्यात असतो, घराकडे तात्या बघतात. पाहुण्यांना किल्लीसाठी ताटकळावं लागू नये म्हणून पुढच्या दाराला आकडे दाबून उघडणारं डिजिटल कुलूप बसवलं. जुलैतल्या एका रात्री साडेअकराला पाहुण्यांचा फोन आला, "आकडे दाबतोय, पण काहीच होत नाही." धो धो पाऊस. गाडीत दोन लहान मुलं आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजी. तात्या सासुरवाडीला गेलेले, साकवावरून पाणी चालल्यामुळे तिकडेच अडकलेले. कुलपाबरोबर आलेली साधी किल्ली मी जपून ठेवली होती, पण घरातल्याच कपाटात!

शेजारच्या काकूंनी सगळ्यांना पडवीत घेतलं, चहा केला, अंथरुणं घातली. आजींना खाली बसता येईना, त्या रात्रभर खुर्चीतच होत्या. सकाळी सुताराने मागचं दार उघडलं. मी सगळे पैसे परत केले, तरी त्या खुर्चीची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

नंतर कळलं, आठवडाभर कुलूप उघडताना वेगळाच आवाज करत होतं. सेल संपत आल्याचा तो इशारा. तात्यांना त्याचा अर्थ मी कधी सांगितलाच नव्हता, त्यामुळे चूक माझीच.

अशी कुलपं बहुधा चार पेन्सिल सेलवर चालतात. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सेलच्या पट्ट्या गंजतात, म्हणून कंपनी सांगते तितके महिने ते टिकतील असं धरू नका. मी आता मृगाआधी आणि गणपतीआधी चारही सेल एकदम बदलतो, संपलेले नसले तरी. चार्जिंगचे सेल घालत नाही. ते शेवटी एकदम मान टाकतात, इशाऱ्याला वेळच उरत नाही. आणि हे तर प्रत्येक घरमालकाने आजच तपासावं: बऱ्याच कुलपांना बाहेरून, खालच्या बाजूला, धातूचे दोन ठिपके असतात. तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरली की कुलूप तेवढ्यापुरतं चालू होतं आणि आकडे घेतं. काहींना त्याऐवजी चार्जरची वायर लागते, म्हणजे पाहुण्यांच्या पॉवर बँकेवरही काम भागतं. आमच्या कुलपाला ते ठिपके होते. माहितीपत्रकात लिहिलंही होतं, पण मी ते वाचलं नव्हतं.

त्या रात्री दाराशी पोचण्याआधीच त्या मंडळींचा तासभर वाया गेला होता. नकाशावरची खूण मागच्या पाखाडीवर पडली होती, आणि पाखाडीत गाडी शिरत नाही. खूण स्वतः दारात उभं राहून टाका. व्याडेश्वराच्या देवळापासून कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची, हे दोन ओळींत लिहून पाहुणे चिपळूण सोडायच्या आत पाठवा; पुढे रेंजचा भरवसा नाही. सोबत शेजाऱ्यांचा नंबरही द्या, अर्थात त्यांना विचारूनच.

साधी किल्ली आणि ९ व्होल्टची बॅटरी आता काकूंच्या देवळीत असते, काडेपेटीशेजारी.