शुभ्रतेमागील रसायन

बुद्धपौर्णिमेस आपण जी शुभ्र वस्त्रे परिधान करतो, त्यांचे सुती कापड मागावरून उतरताना शुभ्र नसते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी ज्या इचलकरंजीत यंत्रमाग आणला, त्या आपल्या जिल्ह्यातील वस्त्रनगरीतही कोरे सुती कापड पिवळसरच निघते. पुढे कॉस्टिक सोडा व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या गरम द्रावणात त्याचे विरंजन होते. १८१८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी शोधलेले हे द्रव्य सौम्य रूपात औषधाच्या दुकानातही मिळते. मात्र घरातील सर्व वस्तूंवर त्याचा परिणाम सारखा होत नाही. त्याचे कारण आपण पाहू.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, पेरॉक्साइडच्या रेणूत दोन. त्या दोहोंमधील बंध दुर्बळ असल्याने हा रेणू इतर पदार्थांचे सहज ऑक्सिडीकरण करतो. हळद, चहा, केसांतील मेलॅनिन यांच्या रेणूंत एकाआड एक दुहेरी बंध असतात. हे बंध प्रकाशाचा काही भाग शोषतात, म्हणून आपणांस रंग दिसतो. पेरॉक्साइडने ही साखळी तोडली की रंग लोपतो. डागाचा पदार्थ मात्र पुष्कळदा तेथेच, रंगहीन होऊन उरतो. रंगीत कपड्यांवरही हीच क्रिया घडते. काही रंग टिकतात, काही उडतात.

त्वचेवर पडणारा पांढरा डाग निराळा. तेथे रंग उडत नाही. त्वचेत अडकलेल्या ऑक्सिजनच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे ती काही वेळ पांढरी दिसते.

खरा धोका गंजाच्या डागाचा आहे. गंज म्हणजे आधीच ऑक्सिडीकरण झालेले लोखंड. पेरॉक्साइडने तो जात नाही. उलट लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइडचे वेगाने विघटन होऊन अतितीव्र कण निर्माण होतात व ते सुताच्या तंतूंनाच तोडतात. डाग राहतो आणि कापडास भोक पडते. अशा डागावर लिंबाचा रस व मीठ लावून कापड स्वच्छ धुवावे.

पालकांस आमची विनंती आहे की, गणवेशावर पेरॉक्साइड वापरण्यापूर्वी ते आतल्या शिवणीवर लावून पाहावे. ते ब्लीचिंग पावडर वा व्हिनेगरमध्ये मिसळू नये. प्रकाशाने त्याचे विघटन होते, म्हणून ते मूळच्या गडद बाटलीतच, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. द्रव्य एकच असले, तरी परिणाम वस्तूच्या घडणीवर ठरतो. म्हणून आधी डाग कशाचा आहे, हे ओळखावे.